ना रोड बाईक, ना एमटीबी… ग्रॅव्हल बायकिंग म्हणजे नेमकं काय आणि त्यासाठी हिर्डोशीचं खोरं का बघावं?

इन्स्टा उघडलं की हल्ली एक रील हमखास समोर येतं. युरोपातली कुठली तरी नदी, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, मागं गर्द झाडीचे डोंगर आणि मधल्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यावरून धूळ उडवत चाललेला एक सायकलवाला. खाली कॅप्शन असतं ग्रॅव्हल लाईफ. आपण लाईक करतो, सेव्ह करतो आणि पुढं स्क्रोल करतो. कारण मनात पक्कं बसलेलं असतं, हे सगळं तिकडं. आपल्याकडं कुठलं?

तर भावांनो, आपल्याकडं आहे. पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवर भोर. भोरवरून महाडच्या दिशेनं निघालं की नीरा नदीचं खोरं सुरू होतं. त्या खोऱ्यात पंचवीस-तीस किलोमीटर आत गेलं की हिर्डोशी. एका बाजूला नीरा-देवघर धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला झाडीनं भरलेला सह्याद्री आणि मधे भाताची खाचरं. हीच नदी पुढं जिथं संपते तिथं द्राक्षाच्या बागासुद्धा आहेत. म्हणजे रीलमध्ये जे जे दिसतं ते सगळं एकाच नदीच्या काठावर आहे. फक्त एका फ्रेममध्ये मावत नाही एवढंच.

पण त्याआधी मूळ प्रश्न. ग्रॅव्हल बायकिंग म्हणजे काय?

सायकल ती सायकल, त्यात वेगळं काय?

आपल्याला माहिती असलेले सायकलचे प्रकार साधारण तीन. पहिली रोड बाईक. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल, वजनाला हलकी. डांबरी रस्त्यावर सुसाट, पण खडी आली की हिचा जीव जातो. दुसरी एमटीबी, म्हणजे डोंगरातली सायकल. जाड टायर, सरळ हँडल, पुढं शॉकॲब्सॉर्बर. दगडधोंड्यातून जाते, पण डांबरावर चालवताना आपण ट्रॅक्टर ओढतोय असं वाटतं. तिसरी हायब्रिड. दोन्हीच्या मधली, ऑफिसला जायला आणि रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायला बरी.

ग्रॅव्हल बाईक दिसायला रोड बाईकसारखी असते. हँडल तसंच वळलेलं. पण जवळून पाहिलं की फरक कळतात.

पहिला फरक टायरचा. रोड बाईकचा टायर साधारण २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतो. ग्रॅव्हलचा ३८ ते ५० मिलिमीटर. एमटीबीचा त्याहूनही जाड, ५५ च्या पुढं.

दुसरा फरक हवेचा. रोड बाईकमध्ये ७० ते १०० पीएसआय हवा ठासून भरतात. ग्रॅव्हलच्या टायरमध्ये साधारण ३० ते ४५. हवा कमी असली की टायर खडीवर किंचित दबतो, त्याचा जास्त भाग जमिनीला टेकतो, पकड मिळते आणि हादरे मनगटापर्यंत कमी पोचतात. मग ट्यूब चिमटून पंक्चर होणार नाही का? साधी ट्यूब असली तर होणारच. म्हणून बहुतेक जण ट्यूबलेस टायर वापरतात. आत चिकासारखा एक पातळ द्रव असतो. काटा घुसला की तो द्रव भोकात जाऊन घट्ट होतो आणि भोक बुजवतो. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ही गोष्ट सोन्याची आहे.

तिसरा फरक गिअरचा. कच्च्या चढावर उभं राहून पॅडल मारलं तर मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून बसूनच चढावं लागतं. त्यासाठी मागं ४२ किंवा त्याहून जास्त दात्यांचं मोठं चक्र असतं. वेग जातो, पण चढ निघतो.

चौथा फरक ठेवणीचा. दोन चाकांमधलं अंतर रोड बाईकपेक्षा जरा जास्त, त्यामुळं उताराला सायकल थरथरत नाही. ब्रेक डिस्कचे. आणि फ्रेमला जागोजागी स्क्रूची भोकं, म्हणजे बाटल्या, पिशव्या, तंबू, काय हवं ते बांधा.

थोडक्यात काय, तर डांबर संपलं म्हणून जिला मागं वळावं लागत नाही आणि डांबर लागलं म्हणून जी रडत नाही, ती ग्रॅव्हल बाईक.

हे फॅड आलं कुठून?

याची दोन मुळं सांगितली जातात. एक अमेरिकेत, एक इटलीत.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स नावाचा गवताळ टेकड्यांचा प्रदेश आहे. तिथं शेतांना जोडणारे खडीचे रस्ते शेकडो किलोमीटर पसरलेत. गाड्या जवळपास नाहीतच. २००६ साली तिथल्या एम्पोरिया गावातून २०० मैलांची, म्हणजे जवळपास ३२० किलोमीटरची शर्यत सुरू झाली. तेव्हा तिचं नाव डर्टी कान्झा होतं, आता अनबाउंड ग्रॅव्हल आहे. सुरुवातीला मूठभर वेड्यांचा खेळ होता. आज ती जगातली सगळ्यात नावाजलेली ग्रॅव्हल शर्यत समजली जाते.

इटलीची गोष्ट जरा वेगळी आणि आपल्या कामाची आहे. टस्कनीमध्ये द्राक्षमळ्यांमधून जाणारे पांढरे कच्चे रस्ते आहेत. हे रस्ते एकेक करून डांबरी व्हायला लागले. ते वाचावेत म्हणून १९९७ साली गायोले इन कियांती या गावात लेरोइका नावाची राईड सुरू झाली. नियम असा की सायकली जुन्या जमान्यातल्या हव्यात आणि रस्ता कच्चा. लोक जगभरातून यायला लागले आणि त्या पांढऱ्या रस्त्यांना किंमत आली. पुढं २००७ मध्ये याच रस्त्यांवर स्ट्राडे बियांके ही व्यावसायिक शर्यत सुरू झाली.

मग सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयनं २०२२ मध्ये पहिली ग्रॅव्हल वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली, तीही इटलीतच, व्हेनेतो भागात.

आपल्याकडं जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआयच्या कॅलेंडरवरची ही शर्यत पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून गेली. पण ती डांबरावरची शर्यत. ग्रॅव्हलला गुळगुळीत रस्ता लागत नाही, बॅरिकेड लागत नाहीत. लागतं ते फक्त एक लांबलचक खोरं.

आता येऊया हिर्डोशीकडं

पावनखिंड सिनेमा पाहिलाय ना? त्यात बांदल सेना आहे. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत सिद्दीच्या फौजेला अडवून धरणारी. ते बांदल होते हिरडस मावळाचे देशमुख आणि बाजीप्रभू याच मावळाचे देशपांडे. हिरडस मावळ म्हणजेच हिर्डोशीचं खोरं. बाजीप्रभूंचं शिंद गाव भोर तालुक्यातच आहे.

मावळ या शब्दाचा अर्थ इथं सायकलवर आलं की अंगाला कळतो. सह्याद्रीच्या रांगा पूर्वेकडं हाताच्या बोटांसारख्या पसरतात आणि दोन बोटांच्या मधली जी बेचकी, ते एकेक मावळ. बेचकीतून नदी वाहते. नदीच्या कडेनं वाट जाते. त्यामुळं खोऱ्यातल्या खोऱ्यात फिरायचं तर चढउतार सोसण्याइतके. पण एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचं म्हटलं की रांग ओलांडा, मग फुप्फुसं तोंडाशी.

नीरा उगम पावते खोऱ्याच्या पार टोकाला, शिरगावला. घाटमाथा तिथून हाकेच्या अंतरावर. पलीकडं थेट कोकण. म्हणजे नदी अरबी समुद्राच्या एवढ्या जवळ जन्मते आणि त्याकडं पाठ करून पूर्वेला निघते.

उगमापासून थोडं खाली आलं की तिला अडवलंय नीरा-देवघर धरणानं. साल २००० च्या सुमारास हे मातीचं धरण उभं राहिलं. क्षमता साधारण पावणेबारा टीएमसी. हिर्डोशी या धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला येतं. एका काठानं भोर-महाड रस्ता जातो. पाण्याच्या पलीकडच्या काठाच्या गावांना जोडणारा रस्ताही आहे, त्याला लोक रिंगरोड म्हणतात. नाव ऐकून पुण्याचा रिंगरोड डोळ्यासमोर आणू नका. कुठं डांबर, कुठं उखडलेलं डांबर, कुठं नुसती खडी, कुठं मुरूम. गाडीवाल्याच्या शिव्या आणि ग्रॅव्हलवाल्याचा आनंद एकाच ठिकाणी.

मुरूम म्हणजे काय हेही सांगून टाकतो, कारण इथल्या राईडचं सगळं गणित मुरमावर आहे. सह्याद्रीचा काळा कातळ ऊनपावसानं कुजत जातो, त्याचा भुगा म्हणजे मुरूम. सुका मुरूम दाबला गेला की छान बसतो, सायकल त्याच्यावर सरसर पळते. पण पहिला जोराचा पाऊस पडला की वरचा थर वाहून जातो आणि खालची सुटी खडी उघडी पडते. वळणावर अशी खडी असली की पुढचं चाक घसरतंच. माझंही घसरलं. गुडघ्यावर अजून खूण आहे. चूक माझीच होती, टायरमध्ये शहरातल्या सवयीनं दाबून हवा भरली होती.

मग द्राक्षं कुठायत?

हिर्डोशीत द्राक्षाची बाग शोधायला जाऊ नका. इथं भात. पुणे जिल्ह्याच्या मावळ पट्ट्यातला आंबेमोहर सगळ्यांना माहिती आहे. हल्ली जास्त दिसतो तो इंद्रायणी, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला. जूनला पेरणी, जुलैला चिखलणी करून लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरला कापणी.

आता त्याच नीरेबरोबर पूर्वेला चला. भोरच्या पुढं तिला वेळवंडी नदीचं पाणी येऊन मिळतं. त्या वेळवंडीवर भाटघर धरण आहे, इंग्रजांच्या काळातलं, १९२८ चं. मग वीर धरण. मग नीरा गाव, जिथं ज्ञानोबा माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात. इथून पुढं बराच अंतरापर्यंत नदीच पुणे आणि सातारा, मग पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांची हद्द होते. बारामती, इंदापूर करत शेवटी नीरा नरसिंहपूरला ती भीमेला मिळते.

याच इंदापूर तालुक्यात, बोरीसारख्या गावांमध्ये, द्राक्षाच्या बागा आहेत. म्हणजे एक नदी, वरच्या टोकाला जंगल आणि भात, खालच्या टोकाला ऊस आणि द्राक्षं. असं का?

उत्तर पावसात आहे. कोकणातून येणारे ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. हिर्डोशी त्या माऱ्याखाली येतं. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलेल्या वाऱ्यात ओल उरत नाही. त्यामुळं भोर शहरात येईपर्यंतच पाऊस बराच कमी होतो आणि इंदापूर तर दुष्काळी पट्ट्यात मोडतं.

द्राक्षाला नेमकं हेच हवं असतं. पानांवर ओल राहिली की डाऊनीसारखे रोग बाग खाऊन टाकतात. म्हणून महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या सुमारास, पाऊस ओसरताना, फळछाटणी घेतात आणि उन्हं तापायला लागतात तेव्हा, फेब्रुवारी-मार्चला माल काढतात. हवा कोरडी हवी, पण मुळाशी पाणी हवं. ते पाणी येतं कालव्यानं. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकातला, बारामतीकडं जाणारा. त्याच्यासाठी पाणी साठतं वरच्या धरणांमध्ये. म्हणजे हिर्डोशीच्या डोंगरावर पडलेला पाऊस दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर खाली जाऊन द्राक्षाच्या घडात उतरतो.

म्हणून ही राईड एका दिवसात करायची नसते. वरचं टोक एका सुट्टीत, खालचं टोक दुसऱ्या. आणि नुसते द्राक्षमळेच पाहायचे असतील तर सरळ नाशिक गाठा, गंगापूर धरणाच्या आजूबाजूला ते भरपूर आहेत.

वरंध घाटाचा मोह

हिर्डोशीपर्यंत आलेल्या प्रत्येकाला एकच वाटतं, आता आलोच आहोत तर वरंध घाट बघून येऊ. रस्ता तोच आहे. पुढं शिरगाव, मग घाट. वाघजाईचं मंदिर, भज्यांच्या टपऱ्या, शेजारी कावळ्या किल्ला आणि खाली शिवथरघळीचं खोरं. नजारा भारीच आहे.

पण पावसाळ्यात हा घाट प्रशासन बंद ठेवतं आणि त्यामागं कारण आहे. कातळावर मातीचा थर बसलेला असतो. सलग काही दिवस पाऊस पडला की माती पाण्यानं जड होते, कातळावरची तिची पकड सुटते आणि डोंगराचा तुकडा खाली येतो. त्यातच रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापलेला असतो, म्हणजे आधारही गेलेला. २२ जुलै २०२१ ला घाटाखालच्या महाड तालुक्यात तळिये गावावर अशीच दरड कोसळली. ८० हून जास्त माणसं गेली. त्याच पावसात या भागातले रस्ते ठिकठिकाणी तुटले होते.

त्यामुळं घाट बंद असा फलक दिसला की सायकलला काय होतंय, कडेनं निघून जाऊ, हा विचार करायचा नाही. दरड सायकल बघून थांबत नाही. आणि तुम्ही अडकलात तर तुम्हाला शोधायला गावातलीच पोरं दोर घेऊन उतरतात, आपला जीव धोक्यात घालून.

कच्चा रस्ता नेमका हवाय कुणाला?

आता ती गोष्ट, जी रीलमध्ये नसते.

हिर्डोशीच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो होतो. टपरीवाले मामा साठीचे असतील. सायकलकडं बघत म्हणाले,

"कुठून आलास रं?"

"पुण्याहून, मामा. भोरपर्यंत गाडीत टाकून आणली."

"केवढ्याची हाय?"

आकडा सांगितला. सायकल मित्राची आहे हेही घाईघाईनं सांगितलं. मामा काही बोलले नाहीत, नुसतं टायर दाबून पाहिलं. मग विचारलं, एवढी महागाची सायकल घेऊन इकडं काय बघायला आलास. मी मोठ्या उत्साहात सांगितलं की मामा, आम्हाला असलेच रस्ते लागतात, खडीचे, कच्चे, आता असे रस्ते राहिलेच नाहीत.

मामा हसले. म्हणाले, "तुमाला खडीचा पायजे व्हय? आन् आमी धा वर्सं झाली डांबराच्या मागं लागलोय."

मग त्यांनी सुनेची गोष्ट सांगितली. पावसाळ्याचे दिवस, रात्रीची वेळ, पोटात कळा सुरू झालेल्या. वाडीपासून मुख्य रस्त्यापर्यंत जीप येईना. चिखलातून तिला चौघांनी धरून आणलं, तिथून भोर. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. "नशीब म्हनायचं," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळले.

त्या दिवशी परत येताना तोच मुरमाचा रस्ता मला जरा वेगळा दिसला.

टस्कनीत कच्चे रस्ते वाचवायला लोक उभे राहिले, हे खरं. पण तिथं त्या गावांना दवाखान्यात जायला दुसरा पक्का रस्ता आहे. आपल्याकडं वाडीवस्तीला जाणारा रस्ता एकच असतो. दूध त्यावरूनच जातं, शाळेची पोरं त्यावरूनच जातात, एसटी आली तर त्यावरूनच येते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० मध्ये सुरू झाली, महाराष्ट्राची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ मध्ये, ती याचसाठी. त्यात धरणाच्या खोऱ्यातल्या गावांची गोष्ट आणखी अवघड. नदीकाठची सपाट जमीन आणि जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. पूर्वी नदी ओलांडून पलीकडच्या गावात जाता यायचं, आता पाण्याला वळसा. या पाण्यावर खंडाळा, फलटण, माळशिरसपर्यंतची शेती अवलंबून आहे आणि ज्यांच्या जमिनीवर हे पाणी उभं आहे त्यांच्या वाडीला धड रस्ता नाही. अशा ठिकाणी जाऊन कच्चे रस्ते जपा म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या गळक्या घराला हेरिटेज म्हणण्यासारखं आहे.

मग ग्रॅव्हल बायकिंगनं करायचं काय? सरळ आहे. वाडीचा रस्ता डांबरी होऊ दे, आपण आनंदच मानायचा. ग्रॅव्हल तरीही संपत नाही. शेताच्या गाडीवाटा आहेत, कालव्याच्या कडेचे मुरमाचे रस्ते आहेत, गाव वस्तीकडून माळाकडं जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटा आहेत. कुणाची अडचण न होता जे कच्चं राहील ते आपलं.

आणि एक फायदाही आहे. सायकलवाला हळू जातो, त्याला सारखी भूक लागते. चारचाकीतले पर्यटक पुण्यातून डबा भरून आणतात, धरणाकाठी खातात आणि प्लास्टिक तिथंच टाकून जातात. सायकलवाल्याला दर दहा किलोमीटरला चहा, भजी, पाणी, कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी लागते. तो पैसा गावात राहतो. खोऱ्यासाठी हा पाहुणा परवडणारा आहे, फक्त त्यानं पाहुण्यासारखं वागायला हवं.

जायचंच असेल तर एवढं लक्षात ठेवा

*कधी जायचं?* नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. ऑक्टोबरला खाचरं पिवळी झालेली असतात, दिसायला सुंदर, पण वाटांवर ओल असते आणि मध्येच पाऊस गाठतो. मार्चनंतर ऊन मारतं, डोंगरावर वणवे लागतात. शेतकरी राब भाजतात त्याचाही धूर असतो. जून ते सप्टेंबर कच्च्या वाटा सोडून द्या.

*सायकल कुठली?* पहिल्या राईडसाठी ग्रॅव्हल बाईक विकत घ्यायची गरज नाही. साधारण पन्नास-साठ हजारांच्या आसपास सुरुवात होते आणि वर लाखांत जाते. घरातल्या हायब्रिडला ३५ ते ४० मिलिमीटरचे नक्षीदार टायर बसतात का ते दुकानात विचारा. बसले तर काम झालं. जुनी एमटीबी असेल तर तीही चालते. आवडलं तर मग पैसे घाला.

*रूट कुठला?* पहिल्यांदा भोर ते हिर्डोशी आणि परत. जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर होतात. पुण्यापासून भोरपर्यंत हायवेवर सायकल मारण्यात मजा नाही, कापूरहोळपर्यंतचा ट्रॅफिक जीवघेणा आहे. भोर-महाड रस्त्यावर जड वाहनं असतात, रुंदीकरणाची कामंही निघतात. शनिवार-रविवारी दुपारनंतर पर्यटकांच्या गाड्या वाढतात. त्यामुळं उजाडताना निघा आणि अकरापर्यंत परतीला लागा.

*सोबत काय?* दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, चेनची जोडकडी, किमान दोन लिटर पाणी. खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा आणि कुठं चाललोय ते घरी सांगून ठेवा. सायकल दुरुस्तीचं दुकान भोरनंतर मिळेल हे गृहीत धरू नका.

*काय करायचं नाही?* उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं की गाळाचं सपाट मैदान उघडं पडतं. रीलसाठी एकदम भारी वाटतं, पण वरून सुकलेल्या पापुद्र्याखाली चिखल असतो, सायकल आणि माणूस दोन्ही रुततात. पाण्यात उतरू नका, काठ अचानक खोल होतो. भाताच्या बांधावर सायकल घालू नका. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं, त्याबरोबर पीकही. कापणीच्या दिवसांत रस्त्याकडेला भात पसरलेला दिसला तर उतरून, सायकल हातात धरून चाला. वनखात्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय शिरू नका. कालव्याचा कडेचा रस्ता पाटबंधारे खात्याचा असतो, कुणी अडवलं तर हुज्जत न घालता मागं फिरा. आणि धरणाच्या भिंतीवर ड्रोन उडवू नका.

शेवटचं एक. वाटेत रस्ता विचारला की इथली माणसं नुसता रस्ता दाखवत नाहीत, चार पावलं सोबत चालतात. थांबून बोला. गाव कुठलं, भात कसा झाला, एसटी किती वाजता येते, एवढं तरी विचारा.

पुढच्या खेपेला मी त्या टपरीवर थांबलो तेव्हा मामांनी लांबूनच ओळखलं. वाडीच्या रस्त्यावर खडीचे ढीग पडले होते. डांबर आलं नव्हतं, पण येणार होतं. मामा म्हणाले, "तुझा रस्ता जातोय बघ आता."

मी म्हटलं, "जाऊ द्या मामा. तुमचा येतोय ना?"

चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.